सळईऐवजी बांबूच्या कामट्या: स्लॅबमध्ये घालाव्यात का?

आडवा_वासा (धागाकर्ता)

कोकणात घरामागे माणगा बांबूचं बेट असतं आणि खाऱ्या हवेने गंजलेली सळई जुन्या छज्ज्यांतून बाहेर आलेली दिसते. त्यामुळे "सळईऐवजी बांबूच घालू या का?" हा प्रश्न घर बांधणारे सर्रास विचारतात. त्यावर एकदा आकड्यांनिशी बोलणं व्हावं म्हणून हा धागा.

कल्पना जुनी आहे. १९१४ मध्ये एच. के. चाऊ यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत यावर प्रबंध लिहिला. १९५० मध्ये अमेरिकेतल्या क्लेमसन कॉलेजातून एच. ई. ग्लेन यांचा अहवाल आला. त्यांनी बीम तोडून पाहिले होते आणि बांबू घालून इमारतीही बांधल्या होत्या. १९६६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोर्ट ह्युनेमी इथल्या प्रयोगशाळेने ब्रिंक आणि रश यांची मार्गदर्शिका काढली. पुढे ब्राझीलमध्ये खोसरो घवामी यांनी रिओच्या विद्यापीठात बरंच काम केलं.

सगळ्यांनी एकच उदाहरण धरू या, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. आतून ३ × ४.५ मीटरची खोली, २३० मिमी भिंती, वर १२५ मिमी जाडीचा स्लॅब, काँक्रीट एम२० या ताकदीच्या प्रतीचं. सळई किती लागेल, कामट्या किती लागतील आणि कुठे काय बिघडेल?

एम_वीस

हिशोब मांडतो, मीटरभर रुंदीच्या पट्ट्यासाठी.

स्लॅबचं वजन ३.१, फिनिशिंग १.०, वापराचा भार १.५, मिळून ५.६ किलोन्यूटन प्रति चौ. मी. हिशोबातला गाळा (टेकूंमधलं अंतर) ३.१ मी. धरला तर मधलं वाकणं, म्हणजे मोमेंट, ६.७ किलोन्यूटन-मीटर.

सळई: एफई ५०० या प्रतीची ८ मिमी, २०० मिमी अंतराने. आडवी वितरण सळई ८ मिमी, ३०० ने. हे चौरस मीटरला ३.३ किलोच्या आसपास जातं. भिंतीवरच्या टेकूसह स्लॅब १७ चौ. मी.चा होतो. वाकवणं, जोड आणि तुटफूट धरून ६० ते ६५ किलो. किलोला ६५ रुपये धरले तर चार हजारांच्या आसपास.

कामट्या: ब्रिंक-रश यांनी ताणासाठी सुरक्षित ताण ४,००० पीएसआय (पौंड प्रति चौ. इंच) दिला आहे, म्हणजे २८ एमपीए (न्यूटन प्रति चौ. मिमी). कव्हर, म्हणजे कामटीखालचा काँक्रीटचा थर, दीड इंच, साधारण ४० मिमी. कामटी २० × १० मिमीची घेतली तर स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागापासून कामटीच्या मध्यापर्यंतचं अंतर ७८-८० मिमीच उरतं. त्यावरून क्षेत्रफळ मीटरला ३,३०० चौ. मिमी येतं, म्हणजे १७ कामट्या, मध्य ते मध्य ५८ मिमीवर. सळई २५० चौ. मिमीत भागते, इथे तेरापट लागतं. संपूर्ण स्लॅबला साडेतीन मीटर लांबीच्या ८५ मुख्य कामट्या, शिवाय आडव्या वेगळ्या.

छेदाच्या ३ ते ४ टक्के बांबू घाला असं त्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. आपला आकडा २.७ टक्के आला, म्हणजे हिशोब त्याच घरात आहे.

खडीवाळू

हिशोब बरोबर आहे, पण त्यात ताकद आली, कडकपणा आला नाही. बांबूची ताणशक्ती चांगली असते. चांगली कामटी १०० ते २०० एमपीएपर्यंत ओढ घेते. प्रश्न लवचीकता गुणांकाचा, म्हणजे ओढल्यावर वस्तू किती कमी लांबते याच्या मापाचा आहे. पोलादाचा २०० जीपीए (१ जीपीए म्हणजे १,००० एमपीए), बांबूचा साधारण १० ते २० आणि एम२० काँक्रीटचा २२. म्हणजे बांबू ज्या काँक्रीटला आधार द्यायला घातला आहे, त्याच्यापेक्षाही तो मऊ आहे. काँक्रीट अखंड असेपर्यंत तो जवळजवळ काहीच उचलत नाही. भेग पडून ती बरीच उघडली की मग तो कामाला लागतो.

याच स्लॅबवर पाहा. एम२० ची वाकण्यातली ताणशक्ती आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे ०.७√२०, म्हणजे ३.१३ एमपीए. १२५ मिमी जाडीला भेग पडायला ८.१ किलोन्यूटन-मीटर मोमेंट लागतो. आपल्यावर येतोय ६.७. कागदावर तरी हा स्लॅब आत काहीही न घालता उभा राहतो!

बांबूचे स्लॅब "इतकी वर्षं टिकलेत" असं दाखवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंचं उत्तर इथे आहे. गाळा लहान, जाडी भरपूर, भार कमी. ओझं साधं काँक्रीट पेलत असतं आणि श्रेय बांबूला जातं. पण सळई आपण त्या दिवसासाठी घालत नाही. आकुंचन, उन्हातान्हाचा फरक, कडेला खचलेला पाया, भूकंप किंवा पाण्याची टाकी वर चढवणं, यांतल्या कशानेही भेग पडते, आणि त्या दिवसासाठी ती असते.

भेग पडल्यावर काय होतं? पूर्ण तडकलेला छेद धरून साधा हिशोब केला तर कामट्यांचा स्लॅब मध्यावर ३० मिमी झोल घेतो, सळईचा १७ मिमी. प्रत्यक्षात दोन्हीकडे आकडा कमी येईल, कारण सगळा छेद एकदम तडकत नाही. काळानुसार वाढणारा झोल मात्र वेगळा. गाळा भागिले २५० ही मर्यादा १२ मिमीची आहे. सळईचा स्लॅब व्यवहारात तिच्या आत बसतो, कामट्यांचा बसवणं अवघड.

आणखी एक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पोलाद तुटण्याआधी खूप लांबतं. एफई ५००डी ला किमान १६ टक्के लांबण मागितलेली आहे. बांबू सरळ रेषेत ताण घेत जातो आणि तटकन तुटतो. घरातल्या माणसाला बाहेर पळायला वेळ मिळावा ही आपल्या सगळ्या डिझाइनमागची अट आहे, तीच इथे पाळली जात नाही.

बेटवाला

वरचं मान्य. पण बरेच प्रयोग ओल्या, कोवळ्या बांबूवर होतात आणि दोष बांबूला लागतो. ज्यांना तरीही करून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी नीट पद्धत देतो.

जात. माणगा जवळपास भरीव असतो, सरळ असतो, काटे नाहीत. कामट्यांना चांगला. विदर्भातला मानवेलही जाड भिंतीचा. कळक मोठा होतो पण काट्यांमुळे आणि वाकडेपणामुळे कामट्या एकसारख्या निघत नाहीत.

वय. तीन ते चार वर्षांचा. वर्षाच्या आतली काठी हिरवीगार असते, पेराला कोंबावरचं आवरण चिकटलेलं असतं. पक्व काठीवर पांढरे-करडे डाग येतात आणि ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो.

तोड. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. काठीत स्टार्च भरलेलं असेल तर भिरूड (बांबू पोखरणारी कीड) त्यावरच येते. शंका असेल तर कापलेल्या तोंडावर आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे.

वाळवणं. उभ्या रचून, सावलीत, तीन-चार आठवडे तरी. चिरल्यावर पुन्हा काही दिवस.

चिरणं. ७५ मिमी व्यासाच्या काठीतून २० मिमीच्या आठ कामट्या सरळ निघतात. १० मिमी जाडी फक्त बुडख्याकडच्या तीन-चार मीटरमध्येच मिळते. म्हणजे या स्लॅबच्या मुख्य कामट्यांनाच ११ काठ्या, आडव्या धरून १४-१५. पोटाकडचा मऊ भाग रंध्याने काढा, तो कमजोर असतो आणि पाणी तोच जास्त पितो. सालीवरचं मेण पॉलिश पेपरने घासा, पण साल काढू नका. सगळ्यात घट्ट तंतू तिथेच असतात.

मांडणी. एका कामटीचा बुडखा डावीकडे, पुढचीचा उजवीकडे. पेरं एका रेषेत आली नाहीत पाहिजेत. ओढ घेताना कामटी बहुतेक वेळा पेराशीच तुटते, कारण तिथे तंतू वळतात.

पेरकांडे

@बेटवाला, प्रक्रिया कोणती? बोरॅक्स-बोरिक चालेल का? घरकामाच्या बांबूला आपण १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड घालतो.

बेटवाला

छपराच्या बांबूला ते उत्तम. काँक्रीटमध्ये दोन अडचणी येतात. बोरॉनची मिठं लाकडात घट्ट बसत नाहीत, पाण्याबरोबर निघून जातात. आणि ती निघून जातात ओल्या काँक्रीटमध्ये, जिथे बोरेट सिमेंटचं सेटिंग लांबवतं. म्हणजे पकड जिथे सर्वात जास्त हवी, त्या कामटीलगतच्या थरातच सिमेंट उशिरा आणि कमकुवत धरतं. बांबूतली साखरही हेच करते. भिजवून काढल्यावर पूर्ण वाळवा, वर साचलेली पांढरी पूड पुसून काढा आणि वर लेप द्या. पक्की बसणारी प्रक्रिया हवी असेल तर तांबं-क्रोम-बोरॉनची, पण ती दाबाच्या टाकीत करायची असते आणि हातमोज्यांशिवाय हाताळायची नसते. आयएस ९०९६ मध्ये बांबूच्या प्रक्रिया दिल्या आहेत.

खडीवाळू

लेपाचा विषय निघालाच आहे तर पकड कशी सुटते ते आधी पाहू.

वाळलेली कामटी ओल्या काँक्रीटमध्ये गेली की पाणी पिते आणि आडवी फुगते. चार टक्के धरले तरी २० मिमीला ०.८ मिमी. पहिल्या दोन-तीन दिवसांत काँक्रीटला ताणशक्ती नसल्यासारखीच असते, त्यामुळे कामटीच्या लांबीने केसासारखी भेग जाते. पुढे काही महिन्यांत काँक्रीट वाळतं, कामटीही वाळते आणि मूळ मापाला आकसते. मागे राहते फट. मग कामटी स्लॅबमध्ये सैल पडून राहते. पावसाळ्यात गळती झाली की पुन्हा फुगते. सळईला हा प्रकारच नाही, कारण पोलाद पाणी पीत नाही आणि तापमानाने काँक्रीटइतकंच वाढतं.

आकडे: घवामींच्या चाचण्यांत उघड्या बांबूची पकड ०.५२ एमपीए आली, टारसारखा लेप आणि वाळू लावल्यावर ०.७३, वर तार गुंडाळल्यावर ०.९७ आणि इपॉक्सी लावल्यावर २.७५. फरक मोठा आहे. उघडी कामटी १२० एमपीएपर्यंत खेचायची तर ०.५ च्या पकडीला ८०० मिमी लांबी काँक्रीटमध्ये रुतलेली हवी. शिवाय टोकाला हूक वाकवता येत नाही.

पेरकांडे

मग सरळ डांबर जाड चोपडलं तर? पाणीच जाणार नाही.

खडीवाळू

जाड डांबर वंगणाचं काम करतं, कामटी त्यातून सरकते. ब्रिंक-रश यांनीही हाच इशारा दिला आहे. लेप पातळच हवा. बिटुमेन इमल्शनचा एक हात, तो चिकट असतानाच १ ते २ मिमीची धुतलेली, कोरडी, टोकदार वाळू पेरायची. गोल नदीची वाळू नको. हवं तर वर १.५ मिमीची जीआय तार ४०-५० मिमी अंतराने गुंडाळायची. कापलेली टोकंही लेपात बुडवा. पाणी तंतूंच्या दिशेने सर्वात वेगाने जातं आणि टोकं नेमकी विसरली जातात.

एम_वीस

इपॉक्सीचा खर्च लिहून ठेवतो. ८५ कामट्या × ३.४६ मी. × ०.०६ मी. परीघ, म्हणजे साडेसतरा चौ. मी. पृष्ठभाग. चौ. मीटरला ४०० ग्रॅम धरलं तर ७ किलो. किलोला ६०० रुपये धरले तर ४,२०० रुपये. सळईच तेवढ्यात येत होती. काठ्या, चिराई, रंधा, वाळवणी आणि लेपाची मजुरी अजून धरलेली नाही. "स्वस्त" हा मुद्दा इथेच संपतो. पकड हवी तर इपॉक्सी हवं, आणि इपॉक्सी घेतलं तर बचत गेली.

सेंटरिंग_नाना

साइटवर काय होतं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून.

कामट्या तरंगतात. काँक्रीट घनमीटरला २,४०० किलो, बांबू ७०० च्या आसपास. मीटरला १७ कामट्या असतील तर चौरस मीटरला पावणेसहा किलोची उचल येते. व्हायब्रेटर लागला की सगळी जाळी वर येते आणि ताणाच्या बाजूला बांबूच राहत नाही. कव्हर ब्लॉक खाली बसू देत नाहीत, वर येणं रोखत नाहीत. त्यामुळे प्लायला भोकं पाडून बाइंडिंग तारेने कामट्या खाली बांधाव्या लागतात, दोन्ही दिशांना साधारण मीटरभर अंतराने. ते प्रत्येक भोक नंतर गळतीची जागा होऊ शकतं, म्हणून फळ्या काढल्यावर तार आत कापून ग्राउट भरा.

कामट्यांत मोकळं अंतर ३८ मिमी राहतं. व्हायब्रेटरची ४० मिमीची सुई त्यात शिरत नाही, २५ ची लागते. खडी २० मिमीऐवजी १२ मिमीची घ्या, नाहीतर खाली मधमाशीच्या पोळ्यासारखं पोकळ निघेल. आणि स्लंप, म्हणजे काँक्रीटचा पातळपणा, वाढवायला पाणी ओतू नका. जास्तीचं पाणी कामट्याच पिणार.

बीममध्ये रिंगा बांबूच्या होत नाहीत. २०० मिमीच्या चौकोनात कामटी कोपऱ्यात वळवली की तंतू फुटतात. रिंगा ६ किंवा ८ मिमीच्या सळईच्याच लागतात. मग बार बेंडर, तार, सळई सगळं साइटवर आलंच. वर कामावर आलेला माणूस सळई समजून कामटीवर उभा राहतो आणि ती मोडते. मोडलेली कामटी लेपाखाली दिसत नाही.

आडवा_वासा

सगळ्यांचे आभार. एक शंका: अर्धी सळई आणि अर्धा बांबू घातला तर? ८ मिमी ४०० ने आणि मध्ये कामट्या?

एम_वीस

दोघं एकाच काँक्रीटमध्ये असल्यामुळे दोघांची लांबण सारखीच होणार. एफई ५०० सळई २,५०० मायक्रोस्ट्रेनच्या (पाव टक्का लांबणीच्या) आसपास यील्ड होते, म्हणजे कायमची लांबायला लागते. त्या क्षणी १५ जीपीएच्या बांबूवर ताण असतो ३७ एमपीए. तोपर्यंत सळईच सगळं ओढते. एक ८ मिमी सळई कमी करायची तर तेवढाच कडकपणा द्यायला साधारण ६७० चौ. मिमी, म्हणजे तीन-चार कामट्या घालाव्या लागतात. सळई आधी यील्ड होणार, मग सगळा भार एकदम बांबूवर जाणार. ही रचना शुद्ध बांबूपेक्षा सुरक्षित दिसते, पण हिशोबात बांबूला शून्य धरूनच सळई ठरवावी लागते. आणि शून्यच धरायचं तर घालायचा कशाला?

रानवेळू

मी बांबूच्या बाजूचा, तरीही सळईच्या जागी तो घालू नये असंच म्हणेन. २०१८ मध्ये आर्चिला, कामिन्स्की, त्रुहियो, सेआ एस्कामिया आणि हॅरिस यांनी 'मटेरियल्स अँड स्ट्रक्चर्स' या नियतकालिकात आजवरच्या कामाचा आढावा घेतला. हे सगळे बांबूचंच बांधकाम पुढे नेणारे लोक, आणि त्यांचाही निष्कर्ष हाच: टिकाऊपणा, पकड आणि कडकपणा पाहता बांबू पोलादाला पर्याय नाही.

टिकाऊपणाबद्दल वर कुणी लिहिलं नाही. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो. पोलादाला हाच अल्कधर्मी गुण गंजापासून वाचवतो. बांबूतल्या हेमिसेल्युलोज आणि लिग्निनला मात्र तोच हळूहळू खातो. त्यात ओल-वाळ चालू राहिली की काम आणखी लवकर होतं. काँक्रीटच्या पोटात गेलेला बांबू तपासता येत नाही, बदलता येत नाही, पुन्हा प्रक्रिया करता येत नाही. बांबूचे सगळे गुण त्याला कोरडं, हवेशीर आणि डोळ्यांसमोर ठेवण्यात आहेत.

कोलंबियात भिंती अशा करतात: गुआदुआ बांबूची चौकट, त्यावर फोडलेल्या बांबूच्या चटया, कोंबडीजाळी आणि सिमेंटचा गिलावा. भार बांबूची चौकट घेते, गिलावा तिला कडकपणा देतो आणि झाकतो. तिथल्या एनएसआर-१० संहितेत एक-दोन मजली घरांसाठी ही पद्धत नियमांसह आहे. आपल्याकडे आसामची इकरा घरं याच जातीची. भारतात आयएस १५९१२ आणि राष्ट्रीय इमारत संहितेतला बांबूचा विभाग चौकट, कैच्या आणि सांधे यांसाठी वापरता येतो. आयएस ४५६ मध्ये बांबूला जागा नाही, त्यामुळे बांबूच्या स्लॅबला कुठलाही स्ट्रक्चरल इंजिनिअर स्थैर्याचा दाखला देऊ शकत नाही. घरकर्ज आणि विमा दोन्हीकडे ते नडतं.

या खोलीसाठी माझं मत: प्लिंथ दगडाची, भिंती चिऱ्याच्या, लिंटेल आणि बँड सळईचे, आणि स्लॅबऐवजी माणग्याच्या कैच्यांवर पत्रा किंवा कौलं. बांबू जमिनीपासून दीड फूट वर, छपराची वळचण अडीच फूट बाहेर. बेटातल्या बांबूचा खरा उपयोग तोच.

सेंटरिंग_नाना

सहमत. काँक्रीटमध्ये घालायचाच असेल तर जिथे मोडला तरी कुणाला इजा होणार नाही तिथे: जमिनीवर टेकलेली अंगणातली फरशी, गोठ्यातली जमीन, बागेच्या वाफ्याच्या कडा. गटारावरची झाकणंसुद्धा नकोत, त्यावर कुणी दुचाकी चढवतंच. छज्जा तर अजिबात नको. तो एका बाजूने टांगलेला असतो, पडला तर सरळ खाली.

आडवा_वासा

मग मूळ दुखणं, म्हणजे गंज, त्याचं काय करायचं? लोक बांबूकडे वळतात ते त्यामुळेच.

खडीवाळू

किनाऱ्यालगत सळई गंजते त्याची कारणं ठरलेली आहेत: १५ मिमी कव्हर, पातळ मिश्रण, खारी वाळू आणि चार दिवसांचं क्युरिंग. आयएस ४५६ 'गंभीर' वातावरणासाठी एम३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ आणि कव्हर ४५ मिमी सांगते. त्याऐवजी एम२० आणि २० मिमी वापरून सळईला दोष देणं बरोबर नाही. स्लॅबची जाडी २५ मिमी वाढवावी लागेल, तेवढाच फरक. पीपीसी (राखमिश्रित) किंवा स्लॅग सिमेंट घ्या, त्यातून समुद्राचं मीठ आत शिरायला वेळ लागतो, पण क्युरिंग किमान १० दिवस. छज्ज्याला खालून पाणी ओघळू नये म्हणून कडेला खाच ठेवा. वरची सळई वरच राहावी म्हणून चेअर (सळई उचलून धरणारे टेकू) लावा, माणसं तुडवून ती खाली बसवतात. वाळू समुद्राची किंवा खाडीची नको. काचतंतूंची सळई मिळते, ती गंजत नाही, पण ती साइटवर वाकत नाही आणि पोलादाहून मऊ असते, म्हणून तिचा हिशोब वेगळा करून घ्यावा लागतो.

पेरकांडे

आमच्या कॉलेजात मुलांना प्रकल्प म्हणून बांबूचे बीम तोडायचे आहेत. चाचणी कशी मांडावी?

खडीवाळू

७०० मिमीच्या साच्यात करू नका. इतका आखूड बीम बहुधा वाकण्याऐवजी कापानेच (टेकूजवळच्या तिरक्या भेगेने) मोडतो आणि बांबूबद्दल काही कळत नाही. १५० × २०० मिमी छेद, २ मीटर लांबी, गाळा १.८ मी., दोन ठिकाणी भार गाळ्याच्या तिसऱ्या भागावर. चार संच, प्रत्येकी तीन बीम, एकाच घाण्याचं काँक्रीट: (१) आत काहीच नाही, (२) ८ मिमीच्या दोन सळया, (३) २० × १० च्या चार उघड्या कामट्या, दोन थरांत, (४) त्याच चार, इपॉक्सी आणि वाळू लावून. शेवटच्या तिन्ही संचांत ६ मिमीच्या रिंगा १२० मिमीवर.

पहिला संच सर्रास गाळला जातो, आणि तोच सर्वात आवश्यक आहे. एम२० ला पहिली भेग साधारण १० किलोन्यूटनला यायला हवी, चारही संचांत जवळजवळ सारखीच. अहवालात फक्त "बांबूच्या बीमने १२ किलोन्यूटन घेतले" असं लिहिलं तर त्यातले १० काँक्रीटचे होते हे वाचणाऱ्याला कळत नाही. मध्यावर ०.०१ मिमीचा डायल गेज लावा आणि भेगेनंतर भार किती घसरतो, झोल किती उडी घेतो ते टिपा.

शक्य असेल तर (३) आणि (४) चे आणखी तीन-तीन बीम करून एक दिवस पाण्यात, दोन दिवस कोरडे असे २५ फेरे द्या आणि मग तोडा. तोडल्यावर कामट्या बाहेर काढून पाहा: पेराशी तुटल्या की अख्ख्या सरकून आल्या. सरकल्या असतील तर कामटी आणि काँक्रीट यांच्यातली फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा आणि तो आकडा भाराच्या आकड्याशेजारी लिहा.